ऑस्बर्नची खाट

आर. सी. शेरिफ यांच्या ‘जर्नीज एंड’ या नाटकातल्या तीन भूमिका मी आयुष्याच्या तीन टप्प्यांवर केल्या. नोकरीला नुकता लागलो होतो तेव्हा रॅली, संसारात रुळल्यावर स्टॅनहोप आणि पन्नाशी उलटल्यावर ऑस्बर्न. मधल्या काळात आमच्या संस्थेने दुसरी कितीतरी नाटकं केली, पण हे नाटक फिरून फिरून हाती येत राहिलं. आता मी ते तरुण मुलांकडून बसवून घेतो. एकाच नात्याकडे तीन वेगळ्या जागी उभं राहून बघायला मिळणं नटाला सहसा लाभत नाही. हौशी रंगभूमीने मला जे काही दिलं त्यात हे सगळ्यात मोलाचं, म्हणून त्यातून उमगलेलं लिहून ठेवतो आहे.

नाटकाची ओळख आधी करून द्यायला हवी. शेरिफ हे विमा कंपनीतले कारकून. पहिल्या महायुद्धात ते ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये अधिकारी होते आणि 1917 मध्ये पासेंडेलच्या लढाईत जखमी झाले. युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर, 9 डिसेंबर 1928 रोजी, लंडनच्या अपोलो थिएटरात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जेम्स व्हेल आणि स्टॅनहोपच्या भूमिकेत तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए. पुढच्याच महिन्यात नाटक सॅव्हॉय थिएटरात गेलं, तिथे ती भूमिका कॉलिन क्लाइव्हने केली. नाटक घडतं फ्रान्समध्ये, सां-कांतँसमोरच्या ब्रिटिश खंदकांत, 18 मार्च 1918 च्या संध्याकाळपासून 21 मार्चच्या पहाटेपर्यंत. त्या पहाटे जर्मनांनी आपला मोठा हल्ला सुरू केला, हा इतिहास आहे. रंगमंचावर मात्र एकच जागा दिसते: जमिनीखाली खणलेलं अधिकाऱ्यांचं डगआउट. एक टेबल, बसायला खोकी, लाकडी चौकटीला जाळी ठोकून केलेल्या खाटा, बाटल्यांच्या तोंडात खोचलेल्या मेणबत्त्या. रणांगण पायऱ्यांच्या वर, प्रेक्षकांच्या नजरेबाहेर.

आम्ही साताऱ्याकडची माणसं. आमच्या जिल्ह्यात फौजेशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. अपशिंगे मिलिटरी या गावाचं नावच बोलकं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. त्यामुळे नाटक निवडताना एकाने सुचवलं होतं की कथानक उचलून मेसोपोटेमियात न्यावं, 1916 मध्ये कूतच्या वेढ्यात अडकलेल्या पूना डिव्हिजनमधल्या एखाद्या मराठा पलटणीत. विचार मोहात पाडणारा होता. पण स्टॅनहोप आणि रॅली यांचं नातं इंग्लंडमधल्या एका शाळेच्या रग्बीच्या मैदानावर जुळलेलं आहे. स्टॅनहोप शाळेचा कर्णधार, रॅली त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, त्याला डोक्यावर घेऊन नाचणारा. त्यात स्टॅनहोपचं मन रॅलीच्या बहिणीवर जडलेलं. शाळेतून थेट खंदकात आलेली ही पोरं आहेत. त्यांना कूतला नेलं असतं तर कूतवरही अन्याय झाला असता आणि या पोरांवरही. नावं, जागा, हुद्दे सगळं तसंच ठेवून आम्ही ते मराठीत केलं, आणि ते बरोबरच होतं असं मी आजही मानतो.

युद्धाचं नाटक म्हटलं की नटाच्या अंगात एक वारं शिरतं. आवाज चढतो, मुठी आवळल्या जातात, साधं वाक्यसुद्धा घोषणा होऊन बाहेर पडतं. पहिल्या वेळच्या आमच्या तालमींना एक निवृत्त सुभेदार येऊन बसायचे. 1971 ची लढाई त्यांनी पाहिलेली. संस्थेतल्या एका मुलाचे ते मामा. पहिले काही दिवस ते चहा पिऊन, काही न बोलता निघून जात. एका संध्याकाळी टेपवर तोफांचा आवाज सुरू झाला आणि आम्ही सगळे दचकून भिंतीला चिकटलो, एकमेकांवर ओरडायला लागलो. सुभेदार उठले आणि म्हणाले, “आरं पोरांनो, ही काय तऱ्हा? तोफ तिथं रोजच वाजती. भ्यालेला गडी असा वरडत न्हाई. त्यो बूट पुसत बसतो.”

मग त्यांनी मला खोक्यावर बसवलं आणि पायाला पट्ट्या बांधायला शिकवल्या. त्यांच्या काळात त्या वापरात नव्हत्या, पण त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. घोट्याजवळ पहिला वेढा, मग प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत वर न्यायचा, गुडघ्याच्या खाली शेवट खोचायचा. सैल राहिला तर चालताना सुटतो, फार आवळला तर पाय बधिर होतो. त्यामुळे प्रत्येक वेढ्याला बोटांनी अंदाज घ्यावा लागतो. ते करता करता त्यांनी मला माझी वाक्यं बोलायला लावली. माझा आवाज आपोआप खाली आला. वाक्यांमधल्या जागा बदलल्या, कारण वेढा बसेपर्यंत तोंड थांबत होतं. समोर बसलेल्या मंडळींना मी पहिल्यांदा सैनिक वाटलो.

त्या संध्याकाळपासून आमच्या नाटकाची दिशा ठरली. डगआउटमध्ये दार नाही, कपाट नाही, आडोसा नाही. पाच अधिकारी आणि एक स्वयंपाकी एकमेकांच्या अंगावर राहतात. अशा जागी माणसाची हद्द त्याच्या वस्तूंपाशी सुरू होते. त्याचा मग, त्याची काठी, त्याचं पत्र, त्याची खाट. कोण कुणाच्या वस्तूला हात लावू शकतो, कुणी लावला तर काय होतं, यात या नाटकातलं प्रत्येक नातं सापडतं. शेरिफ यांनी हे कुठे सांगून ठेवलेलं नाही, पण संहिता हातात घेऊन नुसत्या वस्तूंच्या मागे गेलं की सगळं समोर येतं.

रॅली डगआउटमध्ये उतरतो तेव्हा स्टॅनहोप तिथे नसतो. असतो ऑस्बर्न, पंचेचाळिशीचा शाळामास्तर, ज्याला सगळे ‘अंकल’ म्हणतात. रॅली अठराचा, नवा कोरा गणवेश, पाठीवर सामान. आमच्या तेव्हाच्या दिग्दर्शकांनी मला एकच सूचना दिली होती: तुझी जागा कुठली हे कुणी सांगेपर्यंत सामान खाली ठेवायचं नाही. ते ओझं घेऊन मी उभा राहायचो, बसायला सांगितलं तर कडेवर टेकायचो. कौतुक, उत्सुकता, भीती यांतलं काहीही वेगळं दाखवावं लागत नव्हतं. ऑस्बर्न त्याला खाट दाखवतो आणि पाठीवरचं ओझं उतरतं, तेव्हा प्रेक्षागृहातून सुटकेचा श्वास ऐकू यायचा. त्या एका कृतीने ऑस्बर्न मुलाचा पालक होऊन जायचा.

आणि स्टॅनहोप? तो येण्याआधीच इतरांनी त्याला रंगमंचावर आणलेलं असतं. नाटक सुरू होतं तेव्हा बदली होऊन निघालेला एक अधिकारी त्याच्या दारूबद्दल बोलत असतो आणि ऑस्बर्न शांतपणे त्याची बाजू घेत असतो. स्टॅनहोप पाहिला नाही तोवर आपण त्याला ऑस्बर्नच्या डोळ्यांनी बघू लागतो. तरुण नटांना मी हे नेहमी सांगतो की तुमचं पात्र निम्मं दुसऱ्या नटाकडे असतं. स्टॅनहोप करणाऱ्याने दारूडेपणाची कितीही मेहनत घेतली तरी ऑस्बर्नची नजर बाटलीतल्या पातळीकडे जाऊन पटकन दुसरीकडे वळली नाही, तर स्टॅनहोपचं पिणं प्रेक्षकापर्यंत पोचत नाही.

स्टॅनहोप माझ्या वाट्याला आला तेव्हा पिण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड गेला. मराठी रंगभूमीवर दारूड्याची एक ठरलेली चाल आहे. झोकांड्या, जड जीभ, मधेच हसणं. प्रेक्षक त्याला लगेच दाद देतात. स्टॅनहोप तीन वर्षं आघाडीवर राहिलेला, मिलिटरी क्रॉस मिळवलेला कंपनी कमांडर आहे. तो पितो कारण न पिता पायऱ्या चढून वर जाता येत नाही. असा माणूस लडखडत नाही, उलट फार सांभाळून वागतो. मी ग्लासात ओतताना बाटलीचं तोंड काठाला टेकवायचं नाही असं ठरवलं होतं. वाजू द्यायचं नाही. थेंब सांडू द्यायचा नाही. हात इतका स्थिर ठेवायचा की बघणाऱ्याला त्यामागचे कष्ट कळावेत.

नाटकातल्या पहिल्या रात्री ऑस्बर्न स्टॅनहोपला झोपवतो. पांघरूण नीट खोचून देतो. पुढे ऑस्बर्न झालो तेव्हा या प्रसंगाने मला फार काही शिकवलं. कंपनीचा प्रमुख जेमतेम विशी ओलांडलेला आणि त्याचा दुय्यम अधिकारी त्याच्या दुप्पट वयाचा. दिवसा हुकूम एकाचा, रात्री सांभाळणारा दुसरा. ऑस्बर्न करणारे नट इथे हमखास वत्सल होतात, केसांवरून हात फिरवतात, उसासा टाकतात. मी ते सगळं काढून टाकलं. शाळेच्या वसतिगृहात रोज मुलांचे दिवे मालवणाऱ्या मास्तराच्या सवयीने काम केलं. पाय वर, पांघरूण, बाटली जरा लांब, मेणबत्ती. यात कुठेही थांबायचं नाही. रोजचं काम आहे असं वाटलं की मगच प्रेक्षकांना कळतं की हे कित्येक रात्री चालू असणार.

दुसऱ्या अंकातला पत्राचा प्रसंग या नाटकाच्या मुळाशी आहे. रॅलीने घरी लिहिलेलं पत्र स्टॅनहोप सेन्सॉर करण्याच्या नावाखाली हिसकावून घेतो. त्याला भीती आहे की रॅली आपल्या पिण्याबद्दल बहिणीला कळवेल. ऑस्बर्न ते पत्र मोठ्याने वाचतो आणि त्यात निघते निव्वळ स्तुती. सैनिकांची पत्रं वाचणं ही त्या युद्धातली रोजची गोष्ट होती. फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांची पत्रंही बूलोन्यच्या सेन्सॉर कचेरीत वाचली जात आणि त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवून ठेवले जात. त्या सैनिकांच्या मनातलं आज आपल्याला कळतं ते बरंचसं त्या कागदांमुळे. तालमीत मी मुलांना हे सांगतो, कारण परक्या हाताने पत्र उघडलं जाण्याचा अर्थ मोबाइलवर वाढलेल्या पिढीला चटकन जाणवत नाही.

आमच्या पहिल्या प्रयोगात दिग्दर्शकांनी स्टॅनहोप आणि रॅली यांच्यामध्ये सुरुवातीपासून टेबल ठेवलं होतं. दोघांची जागा कशीही बदलो, टेबल मधे. पत्राच्या प्रसंगात स्टॅनहोपचा हात पहिल्यांदा ते टेबल ओलांडायचा, आणि तोही ओरबाडायला. रॅली म्हणून मला तो हात मनगटावर आठवतो. स्टॅनहोप म्हणून आठवतं ते पत्र वाचून होत असतानाचं. त्यावेळी मी प्रेक्षकांकडे पाठ करायचो. मान खाली जाते एवढंच दिसावं. स्पर्धेतल्या एका परीक्षकांनी विचारलं होतं की इतक्या मोठ्या क्षणी चेहरा का लपवला. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: लाज वाटलेला माणूस चेहरा दाखवत नाही. आणि चेहरा दिसला नाही की प्रेक्षक पत्र ऐकतात, रॅली काय समजतो आहे आणि ऑस्बर्नला काय कळलेलं आहे या दोन्हींमधलं अंतर त्यांच्या लक्षात येतं.

हिबर्टचा प्रसंग मात्र टाळ्यांचा म्हणून ओळखला जातो आणि त्यामुळेच तो बिघडतो. डगआउटमधला आणखी एक अधिकारी हिबर्ट न्यूराल्जियाचं, म्हणजे नसांच्या दुखण्याचं, निमित्त करून आघाडीवरून परत जाऊ बघतो. स्टॅनहोप अडवतो, हिबर्ट काठी उगारतो, स्टॅनहोप ती हिसकावून गुडघ्यावर मोडतो, पिस्तूल रोखतो. हिबर्ट डोळे मिटून उभा राहतो, गोळीची वाट बघत. आणि स्टॅनहोप पिस्तूल खाली करतो. मग कबूल करतो की आपल्यालाही अगदी असंच वाटतं. बहुतेक नट पिस्तुलापाशी आपला सगळा दम संपवतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ज्याच्यावर आत्ताच पिस्तूल रोखलं त्याच्यासमोर दारू ओतून ठेवायची आहे. हिबर्ट करणाऱ्या एका मुलाने तालमीत मोडलेल्या काठीचे तुकडे स्वतःहून उचलले आणि कुठे ठेवावे हे न कळून मांडीवर घेऊन बसला. ते आम्ही ठेवलं. भित्रा म्हणून ज्याचा तिटकारा यावा असा माणूस त्या तुकड्यांमुळे आपल्यातला झाला.

ट्रॉटरबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याच्यावर अन्याय होतो. हा अधिकारी जाडजूड, खादाड, बागेतल्या फुलांच्या गोष्टी सांगणारा. संहिता वाचताना तो विनोदी पात्र वाटतो आणि बहुतेक ठिकाणी तसाच केला जातो. पण हाच ट्रॉटर कागदावर 144 वर्तुळं काढतो. सहा दिवसांचे तितके तास. एकेक तास सरला की एक वर्तुळ काळं करायचं. आमच्याकडे ट्रॉटर करणारे गृहस्थ बँकेत होते. ते प्रत्येक प्रयोगाला नवा कागद घ्यायचे आणि वर्तुळं खरोखर काढायचे. प्रेक्षकांना कागद दिसतही नसे. पण काढताना ते डाव्या हाताचा आडोसा करायचे, परीक्षेत शेजाऱ्याने बघू नये म्हणून मुलं करतात तसा. त्या आडोशाने सगळं बदललं. बडबड्या माणसाला एक झाकून ठेवण्यासारखी गोष्ट आहे हे दिसलं. पुढे स्टॅनहोप त्याला म्हणतो की तू कायम एकसारखाच असतोस, आणि ट्रॉटर तुला काय ठाऊक अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. ज्यांनी तो हात पाहिलेला होता त्यांना त्या पुटपुटण्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

छाप्याआधीचा प्रसंग मी दोन्ही बाजूंनी केला आहे. ऑस्बर्न आणि रॅली यांना दहा शिपाई घेऊन दिवसाढवळ्या शत्रूच्या खंदकावर छापा घालायचा आहे, एक कैदी पकडून आणायचा आहे. निघायला काही मिनिटं उरलेली आहेत. दोघं गप्पा मारतात: न्यू फॉरेस्टमधल्या भटकंतीच्या, घराच्या, लुइस कॅरोलच्या लहान मुलांच्या पुस्तकातल्या गमतींच्या. रॅली करताना मला हा प्रसंग मजेचा वाटायचा. माझ्या दिग्दर्शकांनी तसाच ठेवायला सांगितला होता आणि ते योग्य होतं, कारण रॅलीला पुढचं दिसत नाही. ऑस्बर्न करताना त्याच प्रसंगात माझ्या लक्षात आलं की मला एकच काम आहे: मुलाची नजर घड्याळाकडे जाऊ द्यायची नाही. तो घड्याळाकडे वळतो आहे असं वाटलं की नवा विषय काढायचा. एवढं डोक्यात धरलं आणि ऑस्बर्नचं सगळं प्रेम, सगळी काळजी बिनबोभाट बाहेर आली.

निघण्याआधी ऑस्बर्न अंगठी, घड्याळ आणि बायकोसाठी लिहिलेलं पत्र मागे ठेवतो. पेटलेला पाइप अर्धवट सोडून जावा लागतो याची हळहळ त्याला वाटते. मी पाइप तबकाच्या कडेवर अशा बेताने ठेवायचो की परत आल्यावर उचलता यावा. मरायला निघालेल्या माणसाची तयारी आणि परत येणाऱ्या माणसाची सवय, दोन्ही एकाच टेबलावर.

ऑस्बर्न परत येत नाही. सहा शिपाईही येत नाहीत. कैदी मिळालेला असतो, त्यामुळे कर्नल खूश. रक्ताळलेल्या हातांचा रॅली भ्रमिष्टासारखा येऊन पहिली दिसेल त्या खाटेवर बसतो. ती ऑस्बर्नची खाट. स्टॅनहोप त्याला विचारतो की तुला ऑस्बर्नच्याच खाटेवर बसायला हवं का, आणि प्रवेश संपतो. हे वाक्य ओरडून म्हणायचा मोह प्रत्येक स्टॅनहोपला होतो. मी ते हळू म्हटलं, जवळजवळ विनंतीच्या सुरात. कारण स्टॅनहोपचा राग रॅलीवर नाही. त्या खाटेवर अजून त्याच्या माणसाच्या अंगाचा खळगा आहे आणि तो मोडायला नको आहे. माझं हे वाचन सगळ्यांना पटलं नाही. आमच्यातल्या एका ज्येष्ठ नटाचं म्हणणं होतं की अठरा वर्षांच्या पोरावर तेव्हा तडाखाच बसला पाहिजे, तरच त्याच रात्री दोघांत होणाऱ्या भांडणाला जोर येतो. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण कोरेगावकडच्या एका गावात प्रयोग संपल्यावर एक आजी मागे आल्या आणि म्हणाल्या, “आमच्यात बी धाकट्या दिराच्या कॉटवर कुणी बसत न्हवतं. सासूबाई हुत्या तवर.” दीर 1965 च्या लढाईत गेलेला. त्यानंतर मी ते वाक्य कुठल्याही नटाला मोठ्याने म्हणू दिलेलं नाही.

वस्तूंचा हा धडा फक्त या एका नाटकापुरता नाही. आमच्या संस्थेत एका बाईंनी ब्रेख्तच्या ‘मदर करेज’मधली मुख्य भूमिका केली तेव्हा मी त्यांच्यासोबत तालमींना बसत होतो. तीस वर्षांच्या युद्धात सैन्यामागे गाडी ओढत व्यापार करणारी, त्याच युद्धात तिन्ही मुलं गमावणारी आई. 1949 मध्ये बर्लिनला हेलेने वायगेल यांनी ही भूमिका केली. मुलाला गोळी घातल्याचा आवाज येतो तेव्हा त्यांनी तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून, आवाजच न करता फोडलेली किंकाळी जगभर गाजली. पण आमच्या बाईंना त्याहून अधिक उपयोगी पडला तो वायगेल यांचा शेवटचा हिशोब. मुक्या मुलीच्या, कात्रिनच्या, अंत्यविधीसाठी शेतकऱ्यांना पैसे द्यायचे असतात. वायगेल पिशवीतून नाणी काढत, एक परत आत टाकत आणि उरलेली देत. आई रडते आहे आणि व्यापारीण हिशोब करते आहे, दोन्ही एकाच हातात. आमच्या बाईंनी कमरेची कातडी पिशवी तालमीच्या पहिल्या दिवसापासून बांधून घेतली, घरीही बांधून वावरल्या. नाटकभर ती पिशवी उघडण्या-मिटण्याचा आवाज मुलांच्या नावांसारखा ऐकू येत राहिला. त्या शेवटच्या नाण्यापाशी त्यांनी चेहऱ्यावर काहीही आणलं नाही आणि आमचे सगळ्यांचे डोळे भरून आले.

मी आता नाटक बसवतो तेव्हा पहिले बरेच दिवस संहिता बाजूला ठेवतो. प्रत्येकाला इनॅमलचा एक मग देतो. तालमी चालू असेपर्यंत तो दुसऱ्याने वापरायचा नाही, ज्याचा त्याने धुवायचा. टेबल मांडायचं, मेणबत्त्या लावायच्या, खाटा घालायच्या, आवरायच्या. पोरं सुरुवातीला कंटाळतात. काहींना वाटतं सर वेळ घालवतात. पण दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी चुकून दुसऱ्याच्या मगाला हात लावतो आणि खोलीत एक बारीकसा ताण येतो. तो ताण आला की मी संहिता काढतो. आवाजाचं म्हणाल तर मी हळू बोलायलाच लावतो आणि तरी शाहू कलामंदिरच्या शेवटच्या रांगेत शब्द पोचला पाहिजे असा आग्रह धरतो. त्यासाठी व्यंजनं स्पष्ट हवीत, श्वास पुरवून वापरावा लागतो, आणि समोरच्या नटाने ऐकताना खरंच कान द्यावा लागतो. ऐकणारा वाकला की प्रेक्षकही वाकतात.

शेवटचा प्रवेश 21 मार्चच्या पहाटेचा. वर तोफखान्याचा कहर सुरू आहे. रॅलीच्या पाठीत तुकडा घुसतो, सार्जंट-मेजर त्याला उचलून खाली आणतो आणि स्टॅनहोप त्याला ठेवायला सांगतो ती जागा ऑस्बर्नच्या खाटेची. शेरिफ यांनी यावर एक शब्दही खर्चलेला नाही. रॅली म्हणून त्या खाटेवर पडलेलो असताना मला फक्त छत दिसायचं आणि स्टॅनहोपचे हात. अंधारल्यासारखं होतंय म्हटल्यावर मेणबत्ती जवळ यायची, थंडी वाजते म्हटल्यावर पांघरूण. स्टॅनहोप करताना मला जाणवलं की ही सगळी कामं माझ्यासाठी कुणीतरी केलेली आहेत. पहिल्या रात्री ऑस्बर्नने मला जसं झोपवलं होतं तसंच मी रॅलीचं करत होतो. पाय, पांघरूण, मेणबत्ती. तेव्हापासून दोन्ही प्रवेश मी एकाच दिवशी, पाठोपाठ बसवतो आणि ऑस्बर्नने पहिल्या रात्री केलेलीच हालचाल स्टॅनहोपला शेवटी करायला लावतो. प्रेक्षकांपैकी किती जणांच्या ते ध्यानात येतं मला सांगता येणार नाही. नटाच्या ध्यानात असतं आणि ते पुरतं. यंदाच्या स्टॅनहोपने विचारलं, “सर, इथे रडू का?” मी त्याला म्हटलं, वरून हाक आली आहे, कंपनी वाट बघते आहे, तुला जायचं आहे. त्यातून वेळ उरला तर रड.

दिवाळीनंतर पुन्हा तालमी आहेत. बहुतेक भूमिकांना पोरं मिळाली आहेत. मेसन, म्हणजे स्वयंपाकी, अजून ठरलेला नाही. सूपमध्ये मिरपूड नाही म्हणून बोलणी खाणारा, अननसाचा म्हणून उघडलेला डबा जर्दाळूंचा निघाला म्हणून ओशाळणारा, आणि शेवटी सँडविच बांधून, बंदूक खांद्याला लावून इतरांबरोबर वर जाणारा मेसन. हौशी संस्थांमध्ये ही भूमिका जो उरेल त्याला देतात. या नाटकात प्रत्येकाच्या मगाला, ताटाला, पांघरुणाला हात लावण्याचा हक्क असलेला हा एकटा माणूस आहे. त्यामुळे मी आमच्यातल्या सगळ्यात मुरलेल्या नटाला विचारलं आहे. त्याने दोन दिवस मागून घेतले आहेत. वाक्यं कमी आहेत अशी त्याची तक्रार आहे, पण तो येईल असं दिसतंय.